‘चोच!’ म्हटलं की उठायचं

मंडळी, दर वर्षी ईस्टरची सुट्टी जवळ आली की आमच्या घरात एक ठरलेला वाद होतो. एकाला समुद्र हवा असतो, एकाला डोंगर, आणि आमच्या चौदा वर्षांच्या लेकीला फक्त वाय-फाय. या खेपेला मात्र वाद झाला नाही, कारण घरात अण्णा होते. अण्णा म्हणजे आम्हा दोघांपैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. कुणाचे कोण, ते सोडून द्या. वीस वर्षांत ते दोघांचेही अण्णाच झाले आहेत. वय ७८, मुक्काम वेंगुर्ल्याजवळचं एक खेडं, पेशाने निवृत्त शाळामास्तर आणि स्वभावाने बागायतदार.

ऐन काजूच्या हंगामात अण्णा बाग सोडून लंडनला येतील हे आम्हाला खरंच वाटेना. “बाग यंदा खंडान दिलंय,” एवढंच ते विमानतळावर म्हणाले. त्यांच्या बॅगेतून नेहमीप्रमाणे कुळथाचं पीठ, आमसुलं, काजूगर निघाले. सगळ्यात खाली एक खाकी पाकीट होतं. त्यात सातबाऱ्याचा उतारा, त्यावर एकूण नऊ नावं, आणि सोबत कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून अण्णांच्या दारात आठवड्याला एकतरी एजंट उभा असतो. घर, विहीर, काजू-आंब्याची बाग, सगळं मिळून एका हॉटेलवाल्याला हवं होतं. नऊ नावांपैकी सात जण देशाबाहेर किंवा मुंबईत. आम्ही पाकीट कपाटात ठेवलं, चहा टाकला आणि विषय बदलला. परदेशात राहून आम्हाला एक कला चांगली साधली आहे, ती म्हणजे विषय बदलणं!

तर ठरलं स्पेन. कारण साधं होतं. लेकीला शाळेत स्पॅनिश आहे, बिल्बावचं विमान स्वस्तात मिळालं आणि अण्णांनी व्हिसा मुंबईहूनच काढून आणला होता. तिथून बसने सुमारे शंभर किलोमीटरवर सान सेबास्तियान. तिथले लोक त्याला दोनोस्तिया म्हणतात, कारण हा मुलूख बास्क लोकांचा. त्यांच्या भाषेचं युरोपातल्या काय, जगातल्या कुठल्याही जिवंत भाषेशी नातं लागत नाही. फ्रँकोच्या राजवटीत, म्हणजे १९३९ ते १९७५ या काळात, ही भाषा शाळा-कचेऱ्यांतून हद्दपार होती. १९७९ पासून तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा आहे आणि पाट्या दोन्ही भाषांत दिसतात.

पोचलो त्या दिवशी बारीक पाऊस होता. हॉटेलातल्या बाईंना लेकीने विचारलं तर म्हणाल्या, याला आम्ही सिरिमिरी म्हणतो. अण्णा खूश! “आपली झिरमिर ती हीच,” म्हणाले. भाषेचं नातं नसेल, पण पावसाचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो आस्तिगारागा नावाच्या गावी. दोनोस्तियापासून बसने अगदी जवळ, उरुमेआ नदीच्या खोऱ्यात. टेकड्यांवर सफरचंदाच्या बागा आणि मधून मधून जाड दगडी भिंतींची, उतरत्या छपरांची मोठाली शेतघरं. हे गाव म्हणजे सायडरची पंढरी. सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस. बास्क भाषेत त्याला ‘सागार्दो’ म्हणतात. ‘सागार’ म्हणजे सफरचंद आणि ‘आर्दो’ म्हणजे वाइन. सागर म्हणजे समुद्र हे ज्यांना बाराखडीबरोबर कळलं त्यांना जरा चमत्कारिक वाटतं, पण चालायचंच. जिथे हा सागार्दो करतात आणि पाजतात ते घर म्हणजे ‘सागार्दोतेगी’.

गावात सायडरचं एक छोटंसं संग्रहालय आहे आणि त्याला लागून बागही. अण्णांनी आम्हाला मागे टाकून प्रत्येक झाडाची चौकशी केली. कलम कुठलं? अंतर किती? खत कसलं? माहिती सांगणाऱ्या मुलीने खिळा लावलेली एक काठी दाखवली. खाली पडलेलं सफरचंद न वाकता टोचून उचलायचं आणि टोपलीत टाकायचं. “काजू वेचूक अशी काठी आमका होयी होती,” अण्णा कमरेवर हात ठेवून म्हणाले. पिढ्यान् पिढ्या वाकून काजू वेचणाऱ्यांच्या वतीने ती तक्रार होती.

सायडरची कृती ऐकायला सोपी आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर सफरचंदं गोळा करायची. आंबट, कडवट आणि गोड अशा बऱ्याच जाती एकत्र करायच्या, कारण एकट्या जातीला चव येत नाही. धुवायची, चेचायची, चरकात दाबायची आणि रस मोठ्या पिंपांत भरून आपोआप आंबू द्यायचा. साखर नाही, वरून भरलेला गॅस नाही. होतं ते साधारण सहा टक्के मद्यार्काचं, आंबटसर, किंचित कडू पेय. जुन्या काळी हा चरक शेतघराच्या आतच असे. माणसं, गुरं आणि चरक एकाच छपराखाली. काही घरांत तर चरकाचा प्रचंड लाकडी सांगाडाच घराचा सांगाडा असे. चरक काढला तर घर पडेल!

आता तुम्ही म्हणाल, आमच्यासारख्या सोवळ्या मंडळाच्या अंकात हे काय मद्यपुराण लावलंय! तर सांगतो. आमच्या चौघांत अण्णा थेंबालाही शिवत नाहीत, लेक लहान, आणि आम्ही दोघं नाताळच्या पार्टीपुरते शूर. शिवाय मोठ्या जनावराचं मांस आमच्याकडे चालत नाही, आणि तिथल्या जेवणातला मुख्य पदार्थ तोच. तरीही गेलो, आणि गेलो ते बरं झालं.

जेवणाचा बेत सगळीकडे एकच असतो, मेन्यूकार्डाची भानगड नाही. आधी खारवलेल्या कॉड माशाचं ऑम्लेट, मग तोच मासा परतलेल्या हिरव्या मिरच्यांबरोबर (या मिरच्या तिखट नसतात, घाबरू नका), मग निखाऱ्यावर भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा, आणि शेवटी इदियासाबाल नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज, क्विन्स फळाच्या घट्ट वड्या आणि अख्खे अक्रोड. अक्रोड आपले आपण फोडायचे. लांबलचक लाकडी टेबलं, एकाच ताटात सगळ्यांनी खायचं, आणि जुनी पद्धत म्हणजे उभ्याउभ्याच. हल्ली बाकं ठेवतात, पण बसून राहायला कुणाला फुरसत नसते. का, ते पुढे येईलच.

आम्ही आगाऊ जागा राखून ठेवताना लेकीकडून फोनवर सांगून ठेवलं होतं, की तिसऱ्या पदार्थाऐवजी आम्हाला मासाच वाढा. बाईंनी एक शब्द न विचारता होकार दिला. ऑम्लेट आलं. अण्णांनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. “खारो मासो!” कॉड काही बास्क किनाऱ्यावर मिळत नाही. सोळाव्या शतकात हे लोक कॉड आणि देवमासा मारायला अटलांटिक ओलांडून थेट न्यूफाउंडलंडपर्यंत जात. मासा मिठात घालून आणायचा आणि जाताना जहाजावर पिण्यासाठी सायडरची पिंपं भरून न्यायची, कारण पाणी लांबच्या प्रवासात नासतं. त्यांचं ‘सान हुआन’ नावाचं एक जहाज १५६५ मध्ये कॅनडातल्या रेड बे इथे बुडालं. तेव्हा खारवलेल्या माशाचं हे नातं साडेचारशे वर्षांचं. आणि खाऱ्या बांगड्यावर वाढलेल्या माणसाला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

तेवढ्यात आतून आरोळी आली, “चोच!”

आम्ही दचकलो, लेक खो खो हसत सुटली. नीट ऐकलं तर उच्चार आपल्या चोचीतल्या ‘च’चा नव्हे, चहातल्या ‘च’चा. पूर्वी पिंपाच्या भोकात एक छोटी लाकडी खुंटी ठोकलेली असे, तिचं नाव ‘चोच’. खुंटी काढली की धार सुटते. म्हणून मालकाने ‘चोच’ म्हटलं की हातातलं जेवण टाकून सगळ्यांनी पेला घेऊन पिंपाकडे पळायचं. खोलीभर ओळीने पिंपं उभी असतात, एकेकात काही हजार लिटर रस. मालक नळ फिरवतो, बोटाएवढी जाड धार कमानीसारखी लांब उडते. रांगेतल्या पहिल्याने पेला तिरका धरून धार काठावर झेलायची, म्हणजे रस फुटून फेस येतो. हळूहळू पुढे सरकत पेला वर न्यायचा, आणि मागच्याने पहिल्याच्या खालीच आपला पेला लावायचा. धार तुटू द्यायची नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे पेला भरायचा नाही! दोन बोटं घ्यायचं, तिथेच प्यायचं आणि परत जेवणाकडे. थोड्या वेळाने पुन्हा “चोच!”, या वेळी दुसरं पिंप. एकाची चव दुसऱ्याला नाही.

आमच्यापैकी एकाने पहिल्याच फेरीत आपल्या सवयीने पेला काठोकाठ भरला. मागच्या आजोबांनी नुसतं पेल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पंगतीत एकदम चार जिलब्या वाढून घेणाऱ्याकडे वाढपी ज्या नजरेने बघतो, तीच नजर. दुसऱ्या फेरीपासून शहाणे झालो.

ही पद्धत कशी पडली तेही सांगतात. हंगामात, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, खाणावळवाले आणि मंडळांचे लोक वर्षाचा साठा घ्यायला येत. कुठलं पिंप घ्यायचं हे चाखून ठरवत. रिकाम्या पोटी कसं चाखणार? म्हणून येताना ऑम्लेट, मासा बरोबर आणत, आणि घरातल्या निखाऱ्यावर मांस भाजून घेत. सौदा राहिला बाजूला, जेवण प्रसिद्ध झालं! एप्रिलनंतर उरलेला रस बाटल्यांत भरतात. पश्चिमेकडे अस्तुरियास प्रांतात वेगळा थाट आहे. तिथे बाटली डोक्याच्या वर धरून कमरेजवळच्या पेल्यात धार सोडतात. त्या सायडर संस्कृतीचं नाव २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीतही आलं.

अण्णा टेबलाशीच बसून होते. त्यांच्यापुढे आणि लेकीपुढे सफरचंदाचा न आंबवलेला रस होता. चौथ्या आरोळीला ते उठले आणि पेला न घेता पिंपाजवळ जाऊन उभे राहिले. नळावर घराची मालकीण होती, चाळिशीची, हाताच्या बाह्या दुमडलेल्या. तिने खुणेने विचारलं, पेला? अण्णांनी हात जोडून ‘नको’ म्हटलं आणि वाकून धारेचा वास घेतला. “निरो,” ते म्हणाले. “काजूच्या बोंडूंचो निरो असोच वास मारता.”

रांग संपल्यावर बाई आमच्या टेबलाशी आली. कुठून आलात? लेकीने स्पॅनिशमध्ये सांगितलं, लंडनहून, पण आजोबा भारतातले, गोव्याजवळचे. गोवा म्हणताच बाईचा चेहरा उजळला. “हाविएर!” म्हणजे आपला सेंट फ्रान्सिस झेवियर. जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये ज्याचं शव आहे, तो १५०६ मध्ये इथून जवळच नाव्हारा प्रांतात जन्मला आणि त्याची मायबोली बास्कच. अण्णा लहानपणी ३ डिसेंबरच्या फेस्ताला शेजाऱ्यांबरोबर जात, ते त्यांनी सांगितलं. बाई म्हणाली, झेवियर हे मुळात घराचं नाव. ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवीन. एचेबेरी, नवं घर, त्याचाच अपभ्रंश. आमच्याकडे आडनावं बहुधा घरांवरूनच पडतात, माणूस घराच्या नावाने ओळखला जातो. “आमच्याकडे गावाच्या नावान,” अण्णा म्हणाले. “वेंगुर्लेकर, मालवणकर, सावंतवाडकर.”

मग ते जरा थांबले आणि लेकीला म्हणाले, “विचार गो तिका, ह्यां घर कोणाच्या नावार आसा?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाकी पाकीट लंडनच्या कपाटातून निघून टेबलावर येऊन पडलं होतं.

बाईने सांगितलं, घर आणि बाग तिच्या एकटीच्या नावावर आहे. भाऊ दोघे, एक बिल्बावला, एक माद्रिदला. शेतघराची वाटणी करायची नाही, ते एकाच मुलाला किंवा मुलीला द्यायचं, ही बास्क मुलखातली फार जुनी रीत. थोरलाच असं नाही, आईवडील ज्याला निवडतील तो. तुकडे केले तर कुणाचंच पोट भरणार नाही, हा हिशेब. बाकीच्यांनी काय करायचं? समुद्रावर जायचं, चर्चमध्ये जायचं, नाहीतर परदेशी. तिच्या आजोबांचे भाऊ मेंढ्या राखायला अमेरिकेत गेले. अर्जेंटिना, नेवाडा, आयडाहो, सगळीकडे बास्क पोचले ते बरेचसे असेच, घर दुसऱ्याला मिळालं म्हणून. २०१५ च्या बास्क दिवाणी कायद्यातही आईवडिलांना एकाच वारसाची निवड करायची मोकळीक आहे.

“भाऊ रागावले नाहीत?” हे आम्ही विचारलं. बाई हसली नाही. एक रागावला, म्हणाली. बरीच वर्षं आला नाही. आता जानेवारीत पहिलं पिंप फोडायला येतो. आणि घर मिळालं म्हणजे काही लॉटरी लागली नाही. पहाटे पाचला उठावं लागतं, आणि बागेतली सफरचंदं पुरत नाहीत तेव्हा बाहेरून विकत घ्यावी लागतात.

आमच्याकडे उलटं आहे, हे अण्णांनी सांगायला घेतलं. सगळी मुलं सारखी, २००५ पासून मुलीही मुलांच्या बरोबरीने. न्याय तोच खरा, यात त्यांना शंका नव्हती. मास्तर होते, मुलींना शिकवण्यासाठी त्यांनी गावाशी भांडणं केली होती. पण सातबाऱ्यावर नऊ नावं आणि घरात दिवा लावायला एक माणूस. ते आता स्वतःशीच बोलल्यासारखे मालवणीत बोलत होते आणि लेक तिच्या मोडक्या मराठीने ते पकडून शाळेतल्या स्पॅनिशमध्ये टाकत होती.

“घर आसा,” अण्णा म्हणाले, “पण वारस सगळे पावणे.”

लेक अडली. “आजोबा, पावणे म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही सुट्टीत येतात ना, तसे. येवचे, जेवचे, जावचे.”

तिने एकदा आमच्याकडे पाहिलं. मग बाईकडे वळून ते वाक्य सांगितलं. सावकाश, एकही शब्द न गाळता. आम्हाला स्पॅनिश येत नाही, पण ते वाक्य आम्हाला समजलं.

त्या टेबलावर विषय बदलायला काही नव्हतं. अक्रोडसुद्धा फोडून संपले होते.

अण्णा बोलले ते रागाने नाही. म्हणाले, विका नाहीतर ठेवा, माझं म्हणणं नाही. हॉटेल झालं तर झालं. पण माझ्या डोळ्यांदेखत ठरवा. आणि ठेवणार असाल तर नऊ नावं मला सांगू नका, एक नाव सांगा. विहिरीचा पंप बिघडला तर फोन कुणाला करायचा, ते नाव. पहिल्या दिवशी विमानतळावर त्यांना हेच म्हणायचं होतं, आणि आम्ही त्यांना चहा दिला होता.

एवढ्यात पुन्हा “चोच!” झालं. बाई धावत नळाकडे गेली. लेकीने आपला रिकामा पेला अण्णांच्या हातात दिला आणि त्यांना रांगेत उभं केलं. अण्णांनी धार बरोबर काठावर झेलली, दोन बोटंच घेतली, आणि पेला आणून आमच्या पुढ्यात ठेवला. “तुम्ही पियात. माका फक्त धरूक येता काय बघूचा होता.”

मंडळी, या गोष्टीला शेवट नाही, तो आम्ही लावूनही देणार नाही. लंडनला आल्यावर पाकीट कपाटातून काढलं. कुलमुखत्यारपत्रावर सही केलेली नाही. दुबईतल्या धाकट्या भावाशी फोनवर दोन तास बोललो, त्यात अर्धा तास भांडलो. वीस वर्षांत प्रथमच घराबद्दल भांडलो, एरवी हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. बाकीच्या सहा नावांशी अजून बोलायचं आहे. काय ठरेल ते सांगता येत नाही. घर विकलंही जाईल. पण पुढच्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, आमच्यापैकी एक जण सहा आठवड्यांची रजा टाकून वेंगुर्ल्याला जाणार आहे, पाहुणा म्हणून नव्हे, काजू वेचायला. बाग त्या वर्षी खंडाने द्यायची नाही, हे अण्णांना कळवलं आहे. लेकीने एक काठी तासून तिला पुढे खिळा ठोकून ठेवला आहे. विमानात ती कशी न्यायची, हा प्रश्न तेवढा बाकी आहे.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर एवढं लक्षात ठेवा. हंगाम जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच. शनिवार-रविवारी तुफान गर्दी, जागा आधी राखून ठेवा. मांसाहाराचं काय ते फोनवरच स्पष्ट सांगा, लोक समजून घेतात. अंगात स्वेटर असू द्या, पिंपांच्या खोल्या गार असतात. गाडी नेऊ नका, बस आहे. पेला भरू नका. आणि घरातलं वडीलधारं माणूस बरोबर असेल तर त्याला अवश्य न्या, एक थेंब पीत नसलं तरी.